आघाताची गोष्ट : ऐकण्याआधी, ऐकताना आणि नंतर

पहिल्याच भेटीत माणूस भडाभडा सगळं सांगून टाकतो, ढसाढसा रडतो, जाताना ‘फार हलकं वाटलं’ म्हणतो आणि पुन्हा फिरकत नाही. मानसिक आघातावर काम करू लागलेल्या समुपदेशकाला हे लवकरच बघायला मिळतं. त्याचा अर्थ मात्र बहुधा उलटा लावला जातो : ‘मन मोकळं झालं, काम झालं.’ खरं तर घरी गेल्यावर त्या माणसाला तीन रात्री झोप लागलेली नसते. परक्या माणसापुढे एवढं बोलल्याची लाज वाटते, आणि त्या खोलीत पाय ठेवायचा म्हणजे पुन्हा तेच सगळं, हे शरीराने पक्कं लक्षात ठेवलेलं असतं.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट आहे आणि ती अनुभवी लोकही करतात. श्वास, विश्रांती, ‘आज कसं वाटतंय’ यातच सहा महिने निघून जातात. मूळ घटनेला कोणी हातच लावत नाही, कारण समुपदेशकालाही तिची भीती वाटत असते. म्हणून ‘ती गोष्ट कधी ऐकायची आणि किती ऐकायची’ हा या कामातला मुख्य प्रश्न. आधी स्थिरता, मग आठवणीवर काम, मग पुन्हा जगात मिसळणं हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. घोळ होतो तो एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना.

घटना ताजी असेल तर

घटनेला महिना व्हायचा असेल तर उपचार सुरू करण्याची घाई करू नका. माळीण (३० जुलै २०१४) किंवा इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) यांसारख्या दरडीनंतर निवारा शिबिरात गेलेल्या समुपदेशकाला वाटतं, प्रत्येकाला बोलतं करावं. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो, हे आता पुरेसं स्पष्ट झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीनच कामं सांगितली आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे पाणी, पांघरूण, फोन चार्ज करायची सोय, हरवलेल्या नातेवाइकाचा शोध, पंचनाम्याची माहिती. माणूस स्वतःहून बोलला तर ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. बहुतेक लोक पुढच्या काही आठवड्यांत आपापल्या माणसांच्या आधाराने सावरतात. भयस्वप्नं, प्रसंग डोळ्यांपुढे येणं, टाळाटाळ, दचकणं आणि मन मरून जाणं हे महिन्यानंतरही टिकून असेल आणि कामधंदा, घर त्यात अडकत असेल, तर आघातोत्तर तणावाचा विचार करायचा.

खोली आणि पहिली भेट

खुर्च्या समोरासमोर नकोत, थोड्या तिरक्या ठेवा. म्हणजे नजर चुकवायला जागा राहते. येणारा माणूस आणि दार यांच्या मध्ये तुम्ही बसू नका. कुठे बसायचं ते त्यालाच निवडू द्या. दार आतून कडी लावून बंद करणार असाल तर आधी विचारा. उदबत्ती, धूप, कापूर काहीही लावू नका. कोणत्या वासाला कोणाची कोणती आठवण चिकटली आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. घड्याळ दोघांनाही दिसेल असं हवं.

संबोधनाचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. आपण सवयीने समोरच्याला ताई, दादा, काका, मावशी म्हणतो आणि स्वतःलाही म्हणवून घेतो. लहानपणी अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आणि ओळखीचा म्हणजे कोणाचा तरी काका, मामा, दादा, सर. पस्तिशीच्या बाईला दारातला शिपाई ‘या, काका आत आहेत’ म्हणाला की सत्र सुरू होण्याआधीच बिघडलेलं असतं. पहिल्या पाच मिनिटांतच विचारून घ्या : ‘मी तुम्हाला काय म्हणू? तुम्हाला मला काय म्हणायला बरं वाटेल?’ नाव आणि ‘तुम्ही’ यांत सहसा धोका नसतो.

सोबत नवरा, सासू किंवा भाऊ आला असेल तर पाच मिनिटं सर्वांशी बोला आणि मग स्वच्छ सांगा, ‘आमच्याकडे पद्धत अशी आहे की प्रत्येकाशी एकट्याने बोलतो.’ ही सगळ्यांसाठीची पद्धत म्हणून सांगितली की घरी गेल्यावर त्या व्यक्तीवर राग निघत नाही.

गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगायच्या असतात, गुपित बाहेर आल्यावर नव्हे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर काय करणार, न्यायालयाने नोंदी मागितल्या तर काय होईल, एखाद्या लहान मुलावर आज लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर मुलांच्या संरक्षणासाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, हे सगळं साध्या भाषेत सांगा.

घटनेबद्दल पहिल्या भेटीत फक्त शीर्षक घ्या. ‘सविस्तर आज नको. बातमीच्या मथळ्यासारखं एका ओळीत सांगितलंत तरी पुरेल. आज सांगायचंच नसेल तरी चालेल.’ माणूस भडाभडा बोलू लागला तर थांबवण्यात उद्धटपणा नाही. हलका हात वर करून म्हणा, ‘हे महत्त्वाचं आहे आणि मला ते नीट ऐकायचं आहे, म्हणून जरा हळू जाऊ या.’

‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा. ‘तेव्हा ओरडला का नाहीत?’ हा प्रश्न पोलिसांनी, घरच्यांनी आणि त्या माणसाने स्वतःला शंभरदा विचारून झालेला असतो. अति भीतीत शरीर लढतं, पळतं किंवा जागच्या जागी गोठतं, आणि यातलं काय होणार ते माणूस ठरवत नाही. वाघासमोर गोठलेल्या हरणाला कोणी ‘पळालं का नाहीस’ विचारत नाही. एवढं एक स्पष्टीकरण नीट दिलं तरी काहींची वर्षानुवर्षांची अपराधी भावना सैल होऊ लागते.

मोजमाप हवं असेल तर आघातोत्तर तणावाची लक्षणं मोजणारी पीसीएल-५ ही प्रश्नावली सोयीची आहे. २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या वर गुण आले तर सविस्तर तपासणी हवी, असं मानतात. हा निकाल नव्हे, इशारा आहे. दर चार आठवड्यांनी पुन्हा भरून घेतली तर दिशा कळते. दोन-चार गुणांच्या चढउताराने हुरळू नका, खचूही नका. आणि मराठी माणूस ‘मला नैराश्य आहे’ म्हणेलच असं नाही. ‘डोकं जड’, ‘छातीत धडधड’, ‘पोटात गोळा येतो’, ‘हातपाय गळून जातात’ अशी भाषा येईल. तिचं भाषांतर न करता तीच नोंदवा. बाहेरची बाधा झाली म्हणून घरच्यांनी कुठे नेलं असेल तर हसू नका, वादही घालू नका. देवदर्शनाने कोणाला धीर येत असेल तर येऊ दे. मारहाण, चटके, कोंडून ठेवणं होत असेल तर मात्र तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, हे सांगायला कचरू नका.

आज सुरक्षित आहे का?

नवरा काल रात्री मारून गेला असेल तर ‘आघातोत्तर’ हा शब्दच लागू पडत नाही, आघात चालूच आहे. अशा वेळी दचकणं हे लक्षण नसून शहाणपण आहे, ते घालवायचं नसतं. इथे कागदी काम आधी : आधार कार्ड, बँक पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती एका विश्वासू घरी, रोजच्या औषधांचा आठवड्याचा साठा, एक तोंडपाठ फोन नंबर, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता, महिला हेल्पलाइन १८१. तिच्या मोबाइलवर तुम्ही मेसेज पाठवायचा की नाही, हेही तिला विचारून ठरवा. तो फोन दुसरं कोणी बघत असेल.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा. ‘जीव नकोसा होतो का? तसं करायचा विचार मनात येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन घरात आहे का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. ग्रामीण भागात ते साधन बहुतेकदा फवारणीचं औषध असतं. ते घरात न ठेवता शेजाऱ्याच्या कुलपात ठेवणं ही छोटी वाटणारी गोष्ट जीव वाचवते, कारण अनेकदा ती तीव्र इच्छा थोडा वेळच टिकते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो नंबर त्या माणसाच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

स्थिरतेची साधनं, आणि ती कुठे उलटतात

‘डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या’ हे वाक्य आघाताच्या कामात सर्वांत बेफिकिरीने वापरलं जातं. डोळे मिटले की काहींना तोच चेहरा दिसतो. पुरात बुडता बुडता वाचलेल्या किंवा गळा दाबला गेलेल्या माणसाला छाती भरून श्वास घेताना गुदमरल्यासारखं होतं. म्हणून डोळे उघडे, नजर समोरच्या एका जागी, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर भर : चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, तीन ते पाच मिनिटं. तरी चक्कर आली किंवा बेचैनी वाढली तर श्वासाचा नाद सोडा आणि स्पर्शाकडे वळा. अनवाणी पाय थंड फरशीवर दाबा, गार पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरा, लवंग किंवा आल्याचा तुकडा चावा. सतराचा पाढा उलटा म्हणणं जमलं तर फारच उत्तम, कारण भीती आणि सतराचा पाढा एका वेळी डोक्यात मावत नाहीत. मुंबईकरांना लोकलची स्टेशनं क्रमाने म्हणायला सांगण्याची पद्धत आहे. ११ जुलै २००६ च्या स्फोटांतून वाचलेल्या प्रवाशाला ती सांगू नका, म्हणजे झालं.

आणखी एक फरक फार थोड्या ठिकाणी शिकवला जातो. काहींना आठवण आली की धडधड होते, घाम येतो, आवाज चढतो. त्यांना शांत करणारी साधनं लागू पडतात. पण काहींचं शरीर त्या वेळी बंद पडत जातं : नजर एका जागी थिजते, आवाज पुटपुटण्यावर येतो, हात गार, पापण्या जड, स्वतःबद्दल बोलताना ‘मी’ऐवजी ‘ती’. अशा माणसाला आणखी सैल केलंत तर तो आणखी दूर जाईल. त्याला उठून उभं करा, पायांची आढी घालून मांड्या आणि पोटऱ्या आवळायला सांगा, मुठी घट्ट वळायला सांगा. दहा-पंधरा सेकंद आवळणं, मग पूर्ण ढिलं न सोडता परत. स्नायू आवळल्याने रक्तदाब टिकतो आणि भान परत येतं. नावाने हाक मारा, वार आणि जागा सांगा : ‘आज मंगळवार आहे, आपण माझ्या खोलीत आहोत, बाहेर रिक्षा वाजतेय, ऐकू येतेय का?’ खांद्याला हात लावून जागं करू नका.

साधन घरी रोज दोनदा, बरं असताना करायचं. पोहणं बुडताना शिकता येत नाही. नातेवाईक हौसेने मौनाच्या दहा दिवसांच्या शिबिराला पाठवायला निघतात. या टप्प्यावर ते पुढे ढकला. बोलणं नाही, हालचाल कमी आणि आठवणींना रान मोकळं, अशी ती परिस्थिती होते.

पुढे कधी जायचं? माणूस त्रासाला ० ते १० मध्ये आकडा देऊ लागला, सातवर गेलेला त्रास पंधरा-वीस मिनिटांत स्वतःच्या साधनाने चारवर आणू शकला, राहण्याची जागा सुरक्षित आहे, अलीकडे जीव देण्याचा प्रयत्न नाही आणि सत्राला तो दारू न पिता येतो, एवढं पुरे. पूर्ण शांत होण्याची वाट पाहायची नसते. अनेकांना इथवर यायला दोन ते सहा सत्रं लागतात. बालपणापासून वर्षानुवर्षं छळ सोसलेल्यांना जास्त.

आठवणीवर काम : दोरी, फुलं आणि खडे

इथे पद्धत एकच धरा आणि तिचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं असू द्या. विचारांवर काम करणाऱ्या पद्धतीत साधारण १२ सत्रं असतात आणि ‘माझीच चूक होती’सारखे अडकलेले विचार एकेक करून तपासले जातात. आठवणीला दीर्घकाळ सामोरं जाण्याच्या पद्धतीत ८ ते १५ सत्रं, प्रत्येकी सुमारे ९० मिनिटं, आणि प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा असतो. डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर ही आठ टप्प्यांची पद्धत आहे. यूट्यूबवर बघून बोट हलवणं म्हणजे ईएमडीआर नव्हे.

एकाहून अधिक आघात झालेल्या माणसासाठी कथनाची पद्धत उपयोगी पडते. ती मुळात युद्ध आणि छळातून आलेल्या निर्वासितांसाठी तयार झाली. तिला लागणारं साहित्य कोणत्याही वाडीवर मिळतं : तीनएक मीटर सुतळी किंवा दोरी, मूठभर फुलं, लहानमोठे खडे. ९० मिनिटांच्या एका सत्रात दोरी जमिनीवर पसरायची. एक टोक म्हणजे जन्म. दुसरं टोक गुंडाळून ठेवायचं, तो पुढचा काळ. चांगल्या घटनांना फूल, वाईटाला खडा, जड घटनेला मोठा खडा, वयाच्या क्रमाने. प्रत्येकाला फक्त नाव आणि साल द्यायचं, तपशिलात शिरायचं नाही. इथे समुपदेशकाची जीभ वळवळते, ती आवरायची. ही दोरी बघणं अनेकांसाठी पहिलीच वेळ असते, जेव्हा आयुष्य म्हणजे नुसता खड्यांचा ढीग नाही हे डोळ्यांना दिसतं. मांडणीचा फोटो किंवा चित्र काढून ठेवा.

पुढच्या सत्रांपासून जन्मापासून क्रमाने यायचं आणि सहसा एका सत्रात एकच मोठा खडा घ्यायचा. सांगणं भूतकाळात. आधी थंड तपशील : कोणतं गाव, कोणता ऋतू, किती वाजले, अंगावर काय होतं, त्याआधी काय चाललं होतं. मग सावकाश गरम तपशील : काय दिसलं, कसला वास, काय मनात आलं, अंगात कुठे काय झालं. आणि सतत आज आणि तेव्हा यांची गाठ मारत राहायची : ‘हे सांगताना आत्ता हात थरथरतायत. तेव्हाही थरथरत होते का? आत्ता इथे आपण दोघंच आहोत.’ आघाताची आठवण त्रास देते ती याचसाठी, की तिच्यावर तारीख-वार पडलेला नसतो आणि मेंदू ती आजचीच समजतो. क्रम लावला, जागा नेमकी केली, की ती झालेली गोष्ट होऊ लागते.

सर्वांत वाईट क्षणाच्या अलीकडे थांबू नका. माणूस तिथे घाई करतो, ‘मग झालं ते झालं’ म्हणून उडी मारतो. तिथेच वेग निम्मा करा. त्रास शिखरावर असताना सत्र संपवलं तर मेंदू एवढंच शिकतो की ही आठवण खरोखरच असह्य आहे आणि पळणं हाच उपाय आहे. त्यामुळे प्रसंगाच्या नंतर काय झालं, कोण आलं, पाणी कोणी दिलं, तिथपर्यंत पोहोचा आणि त्रास उतरू लागल्यावरच थांबा. म्हणून हे काम ५० मिनिटांत बसत नाही. दीड तास मोकळा ठेवा, शेवटची १५ मिनिटं चहा, रस्ता, रात्री सोबत कोण आहे यासाठी. दोन सत्रांमध्ये तुम्ही ते कथन लिहून काढायचं आणि पुढच्या वेळी वाचून दाखवायचं. त्याने दुरुस्त्या केल्या की पुढचा खडा. एकंदर ४ ते १२ सत्रं होतात. शेवटी पूर्ण कहाणी त्याला वाचून दाखवून त्याच्या हाती द्यायची. घरी ठेवणं धोक्याचं असेल तर आधी ठरवा ती कुठे राहील.

काम सुरू झाल्यावर पहिला-दुसरा आठवडा स्वप्नं वाढू शकतात. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर माणूस ‘याने बिघडलं’ म्हणून सोडतो. तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतरही गुण चढतच असतील, दारू वाढली असेल, तर थांबून पर्यवेक्षकाशी, म्हणजे तुमच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या अनुभवी समुपदेशकाशी बोला.

टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने परत जाण्याची उतरंडही याच सुमारास सुरू करता येते. महामार्गावर दुचाकीचा अपघात झालेल्यासाठी ती अशी असू शकते : बंद गाडीवर बसणं, सोसायटीत एक फेरी, मागे बसून गल्लीपर्यंत, स्वतः चालवत चौकापर्यंत, दिवसा महामार्गाच्या कडेला उभं राहणं, मग त्यावरून दोन किलोमीटर. प्रत्येक पायरीवर त्रास निम्मा होईपर्यंत थांबायचं, साधारण ३० ते ४५ मिनिटं. हेल्मेट सोडून नव्हे. धोका खरा असेल तिथे भीती घालवायची नसते.

औषधांबद्दल समुपदेशकाने सल्ला द्यायचा नाही, पण माहिती असावी. सर्ट्रालीनसारखी औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात आणि त्यांचा उपयोग होतो. झोपेसाठी ओळखीच्या मेडिकलमधून आणलेली अल्प्राझोलामसारखी गोळी मात्र आठवणीवरच्या कामात आड येते आणि तिची सवय लागते. ती चालू असेल तर एकाएकी बंद करायला सांगू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

निरोप आणि त्यानंतर

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ आणि ‘माफ करून टाक’ हे घरचे म्हणणारच. बरं होण्यासाठी माफ करणं आवश्यक नाही, हे एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगा. कोणी केलंच तर ते त्याच्या इच्छेने, त्याच्या वेळेने.

तारखांची यादी सोबत बसून करा. फक्त इंग्रजी तारीख पुरत नाही, तिथी आणि सणही लिहा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर झाला. तिथल्या वाचलेल्या माणसाला विसर्जनाचा ढोल आणि त्यानंतरची शांतता दोन्ही जड जाऊ शकतात, आणि अनंत चतुर्दशी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. त्या आठवड्यात कोण सोबत असेल, काय करायचं, काय टाळायचं हे आधीच लिहून ठेवा.

काम संपवताना किमान तीन सत्रं आधी सांगा. ज्याला कोणी अचानक सोडून गेलं आहे, त्याला तुमचं अचानक थांबणं त्याच जातीचं वाटतं. मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी भेटी, पीसीएल-५ पुन्हा, आणि एका कागदावर त्याच्याच हस्ताक्षरात : घसरण सुरू झाली तर ती आधी कशातून कळेल, मी काय करीन, कोणाला फोन करीन.

स्वतःच्या वहीत दिवसाला आठवणीवरच्या कामाची तीनपेक्षा जास्त सत्रं लावू नका, आणि दोन सत्रांमध्ये अर्धा तास सोडा. सत्र संपल्यावर दाराबाहेर जाऊन पाच मिनिटं चालून या. पर्यवेक्षकाची वेळ पंधरा दिवसांतून एकदा ठरलेली असावी, अडचण आली तरच घेतलेली नसावी. एखाद्या माणसाच्या सत्राच्या आदल्या रात्री तुम्हाला झोप येत नसेल, किंवा तो न आल्याचं कळल्यावर बरं वाटत असेल, तर पुढच्या भेटीत पर्यवेक्षकासमोर पहिला विषय तोच काढा.